भरवेलीच्या गोलूचं एक वर्ष

मी बालाघाटला चालले आहे असं सांगितल्यावर साताऱ्यात तीन जणांनी मला बीडकडच्या डोंगरांची माहिती दिली. चौथ्याने तिथे वाघ असतात असं सांगितलं. तो निदान योग्य राज्यात होता. हे बालाघाट मध्य प्रदेशातलं, गोंदियाच्या पलीकडे, वैनगंगेच्या काठचं. साताऱ्याहून थेट गोंदियाला जाणारी गाडी आहे आणि तिथून पुढे एक छोटी गाडी. आमच्या घरात या गावाचं नाव अठरा वर्षं रोज निघायचं, कारण माझे यजमान अरविंद जवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत सर्वेअर होते. मी मात्र तिथे कधी गेले नव्हते. माझी कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी होती, घरात सासूबाई होत्या. दर मे महिन्यात जायचं ठरायचं आणि तिकडच्या उन्हाचं वर्णन ऐकून मीच मोडता घालायची. गेल्या श्रावणात अरविंद गेले. मी निघाले ती माघात. माघात तिकडे शाल लागते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, की मीच विचारलं नव्हतं, ते आता आठवत नाही.

जाण्याचं कारण क्रिकेट होतं. मला त्यातलं फारसं कळत नाही. भरवेलीचा एक मुलगा पुढे भारताकडून खेळला, वेगवान गोलंदाज म्हणून. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. अरविंद त्याला घरच्या नावाने गोलू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. टीव्हीवर गोलू धावत यायला लागला की अरविंद पेपर खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "एकोणीस पावलं. मी मोजून दिलीत." पाहुणे हसायचे. मीही एकदोनदा हसले आहे.

वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणिका काढायचं ठरलं. माझ्या दिरांनी तिच्यात 'आंतरराष्ट्रीय गोलंदाज घडवणारे अरविंद' असं घातलं. सगळी नोकरी ग्रंथालयात काढलेल्या बाईला आधार नसलेलं वाक्य छापवत नाही. म्हणून मी गोलूच्या मुलाखती शोधायला बसले. एका हिंदी वर्तमानपत्रात तो आपल्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोलला होता. त्याला कोणी शिकवलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. उलट खाणीतल्या एका साहेबाने त्याचं एक अख्खं वर्ष खाल्लं. त्यांचं नाव तो घेणार नव्हता.

खाणीत साहेब पुष्कळ असतात, असं मी स्वतःला दोन दिवस सांगितलं. मग अरविंदांची ट्रंक उघडली. त्यांच्या मोजणीच्या वहीत पानंच्या पानं गोलूच्या रन-अपची मापं होती, प्रत्येक पावलाचं अंतर वेगळं लिहिलेलं. एका पानावर मापं नव्हती. तिथे एवढंच होतं: 'जबलपूरहून परत पाठवला. याला मी'. पुढे काही नाही. अरविंद वाक्य अर्धं सोडणारे नव्हते.

त्या अर्ध्या वाक्यात आणि मुलाखतीत काही नातं असेल, तर दिरांचं वाक्य खोटं होतं. आणि ज्या माणसासाठी मी रडत होते तोही मला पुरता माहीत नव्हता. ते कळेपर्यंत स्मरणिका छापायची नाही असं ठरवून मी तिकीट काढलं.

बालाघाट

लॉजच्या मॅनेजरने माझं आधार कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. "अकेले आए हो, मॅडम? किसके यहाँ?" कोणाकडेच नाही म्हटल्यावर त्याने पहिली बाजू पुन्हा वाचली. रजिस्टरमध्ये येण्याचं कारण असा रकाना होता. मी 'खासगी' लिहिलं. "घूमने आए लिख दो न," तो म्हणाला, "कान्हा जाते हैं लोग." मी 'खासगी'च ठेवलं. त्यानंतर मी जिना उतरले की तो फोन कानाला लावून असायचा, आणि तो माझ्याबद्दलच बोलतो आहे असं मला वाटायचं.

इथे पोह्यांबरोबर जिलेबी खातात. आमच्याकडे जिलेबी लग्नात किंवा पंधरा ऑगस्टला. इथे साध्या सोमवारी सकाळी आठ वाजता माणसं एका हातात पोह्यांची प्लेट आणि दुसऱ्या हातात जिलेबी घेऊन, कसलाही प्रसंग नसताना, गंभीर चेहऱ्याने उभी असतात. मी खाऊन पाहिली. तिखटावर गोड की गोडावर तिखट हे शेवटपर्यंत ठरलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

त्या टपरीच्या भिंतीवर गोलूचा फोटो होता, ऊन लागून पिवळा पडलेला. मी तो पाहते आहे हे टपरीवाल्याने हेरलं. मी मराठी आहे हे कळल्यावर त्याने हिंदी बाजूला ठेवली.

"पह्यले बूट त्याले म्या घेऊन देल्लते. खिळेवाले."

बाकावर पेपर वाचणारा एक गृहस्थ पेपरातून मान न काढता म्हणाला, "तू त्याले कधी बसाले बाक नाही देल्ला, बूट कुठून देतं? पह्यला लेदर बॉल मी देल्ला. विचारा कोणालेही."

"कोणाले विचारतीन? इथं सगळेच मी देल्ला म्हणतेत."

ते मात्र खरं निघालं. दुपारपर्यंत मला गोलूचे सात पहिले गुरू भेटले. एकाने त्याचा पंजा पाहूनच ओळखलं होतं. एकाने त्याला दूध प्यायला सांगितलं होतं. मोबाइलच्या दुकानातल्या माणसाने त्याला इनस्विंग शिकवला होता, आणि तो कसा ते त्याने काउंटरवरच्या चार्जरने करूनही दाखवलं. प्रत्येकाचा दुसऱ्या सहांवर अविश्वास होता आणि माझा सातांवर. अरविंदांचं नाव काढलं की सगळे सारखंच बोलत: सर्वे साहेब? खाणीत तर साहेब बदलतच राहतात. मला वाटलं, अरविंद इथे असते तर आठवे झाले असते.

बोलणं संपताना प्रत्येक जण एक प्रश्न मलाही विचारत होता: "तुमी कोणाकडून आल्या?" टपरीवाल्याने आवाज खाली आणून विचारलं, "उमरीचं काम आहे का?"

उमर म्हणजे वय. गोलूचं वय कागदावर आहे त्यापेक्षा जास्त आहे अशी कोणीतरी तक्रार केली होती. क्रिकेट बोर्डाची दोन माणसं येऊन गावात विचारून गेली होती. "एकदोन साल तर सगळेच कमी करतेत, बाई," टपरीवाला म्हणाला. "त्याचंही असन. पण आपण काहून सांगाव?" म्हणजे मी ज्यांच्यावर संशय घेत फिरत होते ते सगळे माझ्याकडे तपासणीस म्हणून पाहत होते.

तिथेच संतोष नावाचा रिक्षावाला उभा होता, चाळिशीचा, कानाला मफलर बांधलेला. "भरवेलीले जायचं असन तर सकाळी नऊले येतो," तो म्हणाला. सकाळी नऊला तो लॉजच्या दारात होता. मी कुठे उतरले आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

भरवेली

बालाघाटहून भरवेली जवळ आहे. शहर संपलं की रस्त्याचा रंग बदलतो. ट्रक जातात तशी काळी भुकटी उडते आणि झाडांच्या खालच्या फांद्या, भिंती, सायकलींची मडगार्डं या सगळ्यांवर एकच थर बसतो. खाणीतून काढून टाकलेल्या दगडांचे डोंगर ऊन पडलं की चकाकतात. अरविंद दिवाळीला घरी यायचे तेव्हा त्यांच्या नखांत ही काळी रेघ असायची आणि सासूबाई त्यांना लहान मुलासारखं मोरीवर पाठवायच्या.

मध्ये एकदा संतोष रिक्षा थांबवून फोनवर बोलला. "हौ. बाईच आहे. एकटी. वही आहे हातात." मी वही पिशवीत टाकली.

आधी त्याने मैदान दाखवलं. कोणी नव्हतं. मधोमध सिमेंटची पट्टी, बाजूला राखाडी-काळी जमीन, गवताचं नाव नाही. माझ्या चपला दहा पावलांत काळ्या झाल्या. मी एकोणीस पावलं चालून पाहिली. कुठून सुरू करायचं ते माहीत नसल्यामुळे त्याला अर्थ नव्हता. सतराव्या पावलाला जमिनीतून वर आलेल्या दगडाला ठेचकाळले आणि गुडघ्यावर बसले. संतोषने मला हात देऊन उठवलं. "गोलूही तिथंच पडे," तो म्हणाला. हे मला धीर द्यायला की खरंच, ते समजलं नाही.

गोलूच्या घरावर आता दुसरा मजला आहे, स्टीलचे चकचकीत कठडे आहेत. त्याची आई कौसल्याबाई मात्र मागच्या जुन्या ओसरीत बसते. ती सुपात तांदूळ निवडत होती. संतोष तिला "जय भीम, मावशी" म्हणाला आणि बाजूला झाला. ऐकू येईल इतकाच बाजूला.

"पेपरवाल्या का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग बोर्डाच्या."

"नाही हो. मी साताऱ्याची. इथे अरविंद म्हणून सर्वेअर होते, त्यांची मी बायको."

सूप थांबलं. "सर्वे साहेबाची बाई?"

"हो."

"कसे आहेत साहेब?"

"श्रावणात गेले."

तिने सूप खाली ठेवलं, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि मी पिईपर्यंत उभी राहिली. मग बसून म्हणाली, "गेलेल्या माणसाचं बोलू नये म्हणतेत. पण तुमी एवढ्या लांबून आल्या, तर सांगतो. तुमच्या साहेबानं माह्या पोराचं साल खाल्लं."

तिने जे सांगितलं ते असं. तिचा नवरा अरविंदांच्या हाताखाली चेनमन होता. मोजणीत टेपचं दुसरं टोक धरणारा. त्याला लिहिता येत नव्हतं. गोलूला शाळेत घालायच्या वेळी कागद अरविंदांनी भरला आणि त्याच्यावर गोलूचं वय एक वर्ष वाढवून लिहिलं. तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे सोळा वर्षांखालच्या संघासाठी जबलपूरला निवड होती. गोलू निवडला गेला, आणि कागद पाहिल्यावर वय बसत नाही म्हणून त्याला परत पाठवलं.

"हाताचा एक्स-रे काहाडला होता त्याचा," ती म्हणाली. "हाडं म्हणत होती लहान आहे. कागद म्हणत होता मोठा आहे. त्यायनं कागदाचं ऐकलं. एकोणीस वर्षाखालच्या टायमाले पुन्हा तेच. सारी दुनिया म्हणते पोट्ट्यानं उमर चोरली. त्याची तर वाढवून ठेवली, बाप्पा. सांगाव कोणाले?"

"लोक म्हणतात, त्या वर्षात त्याने मेहनत केली, म्हणून वेग आला," मी म्हटलं. हे मी एका लेखात वाचलं होतं.

"लोकायचं साल नाही गेलं. माह्या पोराचं गेलं."

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी एका शिडशिडीत माणसाचा फोटो, समोर विझलेली मेणबत्ती. गोलू भारताकडून पहिल्यांदा खेळला त्याच्या दोन वर्षं आधी तिचा नवरा गेला, असं तिने सांगितलं.

"काहून केलं असन साहेबानं तसं?" तिने विचारलं. "तुमाले बोलले असतीन."

"कधीच नाही बोलले."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही, आणि तिच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. चहा झाला नाही. मी उठले.

परतताना मी स्वतःशी एकच गोष्ट उलटसुलट करत होते. टेप दोनदा ताणल्याशिवाय माप न लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या मुलाचं वय कशाला वाढवेल? आणि वाढवलंच असेल तर टीव्हीसमोर बसून त्या एकोणीस पावलांचा तोरा कसा मिरवेल? की तो तोरा नव्हताच? मला त्यांचा चेहरा आठवेना, फक्त बाजूला ठेवलेला पेपर आठवत होता.

"तुमी वही नाही काहाडली बाहेर," संतोष म्हणाला. मग जरा वेळाने, "मावशीले विचारूनच आणलं मी तुमाले. ती सख्खी मावशी आहे माही." मला ते कळलंच होतं. "शाळा तर बंद झाली. पण रहांगडाले गुरुजी आहेत, वारासिवनीले. त्या टायमाले हेडमास्तर होते. जाऊन या."

"ते खरं सांगतील?"

"ते कोणाले काहीच सांगत नाहीत," तो म्हणाला. "तुमाले सांगतीन तर खरंच सांगतीन."

वारासिवनी

बालाघाटहून कटंगीच्या गाडीने निघालं की वारासिवनी मध्ये लागते. मला ती लागली नाही. समोर बसलेल्या धान्याच्या व्यापाऱ्याने मी कुठली, कशाला आले हे विचारून घेतलं आणि गोलूने आपला कोपर कसा फोडला त्याची हकिकत सुरू केली. टेनिस बॉलची टूर्नामेंट, गोलू तेव्हा कोणी नव्हता, पहिलाच चेंडू. बाही वर करून त्याने खूण दाखवली. मग दुसरा कोपर दाखवला, तो साधा होता, तुलनेसाठी. तिसऱ्या चेंडूपर्यंत आम्ही पोचलो तेव्हा गाडी कटंगीला उभी होती. "अरे, आपको तो वारासिवनी उतरना था," तो म्हणाला. मला त्याचाही संशय आला, पण तो बिचारा मला बसमध्ये बसवून मगच गेला. खरं सांगायचं तर त्या सगळ्या दिवसांत गोलूबद्दल ज्याचं बोलणं मला पूर्ण पटलं तो हा एकटाच. त्याने काही शिकवलं नव्हतं, त्याला फक्त लागलं होतं.

वारासिवनीत भाताच्या गिरण्या आहेत. कोंड्याचा उबट वास बसस्टँडपर्यंत येतो आणि ओठांवर काहीतरी बसल्यासारखं वाटत राहतं. रहांगडाले गुरुजी अंगणात उन्हाला बसले होते. ऐंशीच्या घरातले, माकडटोपी, मांडीवर पंचांग. मी कोण ते सांगितलं. सुनेने चहा आणला, तो पिऊन झाला, आणि मग त्यांनीच मला विचारलं, "ताई, तुमची जन्मतारीख काय?"

मी सांगितली.

"खरी का शाळेची?"

"माझी खरी आहे. मोठ्या भावाची शाळेची आहे. एक जून."

गुरुजी हसले. "बस. एक जून. मी म्हणतो तेच."

आमच्याकडे ज्यांची जन्मवेळ घरात कोणी लिहून ठेवली नाही ती सगळी मुलं शाळेत एक जूनला जन्मलेली असतात. माझ्या भावाच्या वर्गात त्या दिवशी निम्म्या मुलांचा वाढदिवस असायचा. ही पद्धत सगळीकडे असावी, पण तारीख सगळीकडे तीच नसते हे मला गुरुजींनी सांगितलं.

"आमच्या इकडे शाळा जुलैत उघडे. म्हणून आमची सारी लेकरं एक जुलैची. माझा मुलगाही एक जुलै. अन् त्या वर्षीच्या रजिस्टरमध्ये एकच लेकरू निघालं एक जूनचं. मी साहेबांना म्हटलं, हे काय लिहिलं? ते म्हणाले, आमच्याकडे असंच लिहितात. म्हणून तो कागद मला आजही ध्यानात आहे. नाहीतर हजारो भरले."

"आणि वर्ष?"

गुरुजींनी पंचांग मिटलं. "बाप उभा होता बाजूला, हात जोडून. म्हणे, साहेब, सहा लिहा, नाहीतर गुरुजी घेणार नाहीत. साहेब म्हणाले, अरे, त्याला आत्ता कुठे पाच झालेत. बाप म्हणे, बाई कामाला लागली, माय मरून गेली माझी, लेकराला पाहायला घरात कोणी नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनी लिहिलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"सगळ्यांचंच माहीत असते, ताई. त्या गावात खरा जन्मलेला कोण होता?"

जबलपूरच्या प्रकारानंतर अरविंद चार वेळा गुरुजींकडे गेले होते. वर्ष दुरुस्त करून द्या, चूक माझी आहे, मी लिहून देतो, असं म्हणाले. गुरुजींनी चारही वेळा परत पाठवलं.

"का?"

"कारण दर आठवड्याला एक बाप यायचा, पोराचं वय कमी करून द्या म्हणत. कोणी मिठाई घेऊन, कोणी नेत्याची चिठ्ठी घेऊन. मी म्हटलं, साहेब, तुम्ही पण? वय कमी करून खरं करायला आलेला माणूस कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं. तसाच दिसते, ताई. अगदी तसाच."

बसमध्ये मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. चूक अरविंदांनी केली होती, पण दुसऱ्याच्या गरजेपायी, आणि ती निस्तरायला ते चार वेळा अपमान करून घ्यायला गेले होते. ते अर्धं वाक्य मला आता पुरं करता येत होतं. बालाघाट येईपर्यंत मात्र तो हलकेपणा टिकला नाही. हे सगळं कौसल्याबाईला सांगायचं म्हणजे तिच्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवायचं. शिवाय गुरुजींची गोष्ट तरी कितपत धरायची? त्या खोलीत तिघं होते. दोघं गेले, आणि तिसरा दुसरीकडे पाहत होता.

पुन्हा भरवेली

या वेळी कौसल्याबाईने जेवायला वाढलं. बारीक, सुवासिक तांदळाचा भात, वरण, वालाच्या शेंगांची भाजी आणि तांदळाच्या पिठाचं घावनासारखं पातळ काहीतरी, जे ती माझ्याकडे न पाहता ताटात टाकत राहिली. आमच्याकडे भात शेवटी येतो. इथे भातानेच सुरुवात, मधे भात आणि शेवटीही भात. मला वाटलं, हिने जेवण मुद्दाम केलं आहे, म्हणजे हिला मला काहीतरी विचारायचं आहे.

जेवण झाल्यावर तिने फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पडद्यावर गोलू होता. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा दमलेला, खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली.

"नमस्ते, आंटी. साहब का सुना. बुरा लगा," तो म्हणाला. मग बर्फाची पिशवी सावरत, "एक बात पूछनी थी. गुस्सा नहीं हूँ अब. साहब ने वैसा क्यों किया? पापा तो उन्हीं के आदमी थे."

कौसल्याबाई ताटं उचलत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण भांड्यांचा आवाज थांबला. समोर भिंतीवर तो फोटो होता. मेणबत्ती आज लावलेली होती.

माझं हिंदी बेताचं आहे. मी त्याला मराठीत सांगितलं, हळूहळू. "कागद त्यांनीच भरला, बेटा. अक्षर त्यांचंच आहे. त्यांची चूक होती. दुरुस्त करून घ्यायला ते चार वेळा गुरुजींकडे गेले होते. झालं नाही."

"चार बार?"

"हो."

"ये तो किसी ने नहीं बताया." तो कुठेतरी बाजूला पाहत होता. "मैं मुँह फेर लेता था उनसे. फिर भी हर इतवार टेप लेकर आ जाते थे. एक सिरा पापा पकड़ते, एक वो. मेरा पैर कहाँ पड़ा, चूने से निशान करते." पलीकडून त्याला कोणी हाक मारली. "ठीक है, आंटी. आते रहिए," म्हणून त्याने फोन ठेवला.

कौसल्याबाई ताटं ठेवून माझ्यासमोर येऊन बसली.

"गुरुजीकडे गेल्या होत्या तुमी. संतोषनं सांगतलं."

"हो."

"त्यायनं गोलूच्या बापाचं सांगतलं असन."

"सांगितलं."

"मंग पोराले काहून नाही बोलल्या?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "तेही गेलेत," मी म्हटलं.

ती जमिनीवरचं एक भाताचं शीत बोटाने टिपत बसली. "बाप नाही म्हणत होता," ती म्हणाली. "पंधरा दिवस भांडली मी त्याच्याशी. मले खाणीवर छाटाईचं काम भेटलं होतं, दगड निवडाचं. लेकरू दिवसभर ट्रकाच्या रस्त्यावर खेळे. मीच म्हटलं, एक साल वाढवून टाक, काय फरक पडते. मीच धाडलं त्याले साहेबाकडे."

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"जबलपूरहून आला तवा पोट्टा तीन दिवस जेवला नाही. एकच विचारे, कोणं केलं? मी साहेबाचं नाव सांगतलं. साहेब तर एक दिवस आपल्या गावाले जाणारच होते. बापाले अन् मले इथंच राहाचं होतं, त्याच्या समोर."

"साहेबांना हे माहीत होतं?"

"हौ. त्यायच्या समोरच म्हटलं मी. ते काहीच नाही बोलले. गोलूचा बापही नाही बोलला. दोघं टेप धरून मोजत राह्यले."

अठरा वर्षांत दर दिवाळीला अरविंद घरी यायचे, आणि हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्यांना, सगळा खुलासा करा, लेखी द्या, असं म्हटलं असतं. ते त्यांना माहीत असावं.

स्मरणिका आता छापून झाली आहे. दिरांचं वाक्य मी काढलं. त्या जागी 'भरवेलीच्या खाणीत अठरा वर्षं मोजणीचं काम केलं' एवढंच आहे. दीर नाराज आहेत.

त्या दुपारी निघताना मी कौसल्याबाईला विचारलं की मी कधीकधी मासिकात लिहिते, हे लिहिलं तर चालेल का. तिने पुन्हा पहिल्या दिवशीसारखं माझ्याकडे पाहिलं.

"पोराचं नाव नोको."

"नाही लिहीत."

"अन् हिंदीत नोको."

"का?"

"हिंदी तो वाचते. शाळा हिंदीचीच होती. मराठी वाचाचा त्याले कंटाळा आहे."

मी बरं म्हटलं. संतोषने रिक्षा सुरू केली. कौसल्याबाई फाटकापर्यंत आली आणि रिक्षाच्या दांडीला हात धरून उभी राहिली.

"छापून आलं की एक मले धाडजा."

"तुम्ही वाचाल?" मी विचारलं.

"मले कुठं वाचता येते," ती म्हणाली. "घरात असू द्या एक. तो येते सुट्टीत."